आईची ऊब, पिलाची धास्ती

उंदीर हा प्राणी आपल्या वस्तीला नवा नाही. चाळीत, झोपडपट्टीत, गटाराच्या काठी तो पिढ्यान् पिढ्या आपल्या शेजारी राहत आला आहे. तांदळाची गोणी म्हणू नका, पोराच्या दप्तरातली वही म्हणू नका, पाळण्याची दोरी म्हणू नका, त्याला काहीच वर्ज्य नाही. तेव्हा कुटुंबाच्या पानावर उंदरासाठी एवढी जागा कशाला खर्च केली, असे आमच्या माता-भगिनींना वाटले तर त्यात नवल नाही. परंतु आज आम्ही ज्या उंदराविषयी लिहीत आहोत तो प्रयोगशाळेत पाळलेला उंदीर आहे, आणि त्याच्या पिलांना समोर ठेवून शास्त्रज्ञ गेली जवळजवळ सत्तर वर्षे जो प्रश्न विचारीत आहेत तो थेट आपल्या घरातला आहे. तान्ह्या जिवाला आईपासून दूर ठेवले तर त्याच्या शरीरात काय घडते? आणि जे घडते ते जन्मभर राहते की पुसता येते?

हा प्रश्न ज्यांच्या मनात रोज असतो त्या बाया आपल्या घरोघरी आहेत. पहाटेची लोकल पकडून धुण्याभांड्याच्या कामाला निघणारी, इमारतीच्या कामावर घमेली वाहणारी, बाळंतपणाची रजा संपताच कारखान्यात हजर होणारी, इस्पितळात रात्रपाळी करणारी. तान्हे मूल सासूजवळ, मोठ्या मुलीजवळ किंवा शेजारणीजवळ ठेवून ती जाते, आणि दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नसतो. त्यात कोणीतरी बोलून दाखवते, "कसली आई ही, पोर टाकून जाते!" बापही पोर टाकूनच कामाला जातो, त्याला मात्र कोणी विचारीत नाही. म्हणूनच या संशोधनाचा नीट अर्थ समजून घ्यावा असे आम्हांस वाटते. अर्धामुर्धा अर्थ काढला तर कष्टकरी बाईला बोल लावायला ते आणखी एक निमित्त होईल.

घरट्यातले एकवीस दिवस

उंदराचे पिलू जन्मते ते अगदी लालबुंद मांसाचा गोळा. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कानाची भोके बंद. स्वतःच्या अंगाची ऊब त्याला राखता येत नाही. इतकेच काय, आईने पोटाखालचा भाग चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही. डोळे उघडायला दोन आठवडे लागतात आणि दूध सुटायला साधारण तीन. या एकवीस दिवसांत उंदरीण पिलांना अंगाखाली घेऊन बसते, पाठीची कमान करून सगळ्यांना एकदम पाजते आणि एकेकाला उलटसुलट करून चाटते. पोटासाठी तिलाही घरट्याबाहेर जावे लागते. परंतु पिले अगदी लहान असताना ती वीस-पंचवीस मिनिटांत परत येते.

एखादे पिलू घरट्याबाहेर पडले तर ते रडते. हे रडणे आपल्याला ऐकू येत नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांचा आवाज कळतो, आणि पिलाची हाक चाळीस हजारांच्या आसपास असते. आईला मात्र ती बरोबर ऐकू जाते. ती धावत येते, पिलाला तोंडात अलगद धरते आणि घरट्यात नेऊन ठेवते.

आता ताणाच्या रसायनाविषयी दोन शब्द. 'स्ट्रेस' हा शब्द आज शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. शरीरावरील ताणाचा शास्त्रीय अभ्यास रूढ केला तो कॅनडातील माँट्रिअल शहरात काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी. त्यांचा पहिला लेख १९३६ सालचा, आणि तोही उंदरांवरच्याच प्रयोगांचा. संकट दिसले की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा भाग खालच्या पियुषिका ग्रंथीला निरोप देतो. ती ग्रंथी रक्तातून दुसरा निरोप धाडते, तो मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना पोहोचतो, आणि त्या रक्तात ताणाचे संप्रेरक म्हणजे हार्मोन सोडतात. माणसात त्याचे नाव कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन.

हे रसायन आपले वैरी नाही. ते रक्तात साखर आणते, अंगात बळ आणते. सकाळी आपण उठतो तेव्हाही कॉर्टिसॉल वाढलेलेच असते. गिरणीचा भोंगा आमच्या जुन्या वाचकांना आठवत असेल. भोंगा वाजला की सगळी वस्ती खडबडून जागी व्हायची. भोंगा वाजायलाच हवा, पण वाजून थांबायलाही हवा. शरीरातला भोंगा थांबवण्याचे काम मेंदूच्या हिपोकॅम्पस नावाच्या भागाकडे आहे. तेथे या रसायनासाठी जणू कुलपे बसवलेली असतात. रसायनाची किल्ली त्या कुलपांत बसली की मेंदूला कळते, आता पुरे. कुलपे जितकी जास्त, तितका भोंगा लवकर थांबतो. कुलपे कमी असली तर तो वाजतच राहतो, आणि सतत वाजणारा भोंगा झोप, पचन, स्मरणशक्ती, रोगांशी झुंजण्याची ताकद, सगळ्यांनाच पोखरतो.

मग ही कुलपे कमी-जास्त होतात ती कशाने? येथून आमची खरी गोष्ट सुरू होते.

लेव्हिन यांना बसलेला धक्का

अमेरिकेतील सीमोर लेव्हिन या शास्त्रज्ञांना १९५०च्या दशकात वाटले की लहानपणी त्रास सोसलेले पिलू मोठेपणी भेदरट होईल. त्यांनी पिलांचे तीन गट केले. एका गटाला रोज घरट्यातून काढून विजेचे सौम्य झटके दिले. दुसऱ्या गटाला तसेच काढून त्याच खोक्यात ठेवले, पण झटका दिला नाही. तिसऱ्या गटाला कोणी हातच लावला नाही. मोठे झाल्यावर कोणता गट भेदरट निघावा? झटके खाल्लेला? नव्हे. झटके खाल्लेले आणि नुसते हाताळलेले, दोन्ही गट धीट निघाले. अनोळखी जागेत सोडल्यावर ते हिंडू-फिरू लागले. कोपऱ्यात अंग चोरून बसले ते घरट्यातून कधीच न हललेले उंदीर! पुढे रक्त तपासले तेव्हा दिसले की रोज काही मिनिटे हाताळलेल्या उंदरांत ताणाचे रसायन कमी चढते आणि लवकर उतरते. १९५७ साली 'सायन्स' या नियतकालिकात लेव्हिन यांनी या कामाविषयी लिहिले.

मुक्या जीवांना असे झटके देणे आम्हांला रुचत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो. पण जे कळले ते कळले.

असे का व्हावे? कित्येक वर्षे याचे उत्तर मिळत नव्हते. काहींना वाटले, थोडा त्रास सोसल्याने पिलू कणखर होते. "पोराला जरा रडू द्यावे म्हणजे ते घट्ट होते," असे म्हणणारे आपल्याकडेही आहेत, त्यांना हे फार आवडले असते. परंतु काही संशोधकांनी पिलाकडे पाहायचे सोडून आईकडे पाहिले, आणि गाठ सुटू लागली. पिलू परत घरट्यात ठेवले की उंदरीण त्याच्यावर अक्षरशः तुटून पडते, नेहमीपेक्षा जास्त चाटते, जवळ घेते. म्हणजे पिलू निबर होत होते ते विरहाने होत नव्हते, विरहानंतरच्या मायेने होत होते.

लेव्हिन यांनीच पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. जन्मल्यापासून साधारण चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत पिलाचा भोंगा जवळजवळ बंद असतो. मोठ्या उंदराच्या रक्तात रसायनाचा पूर यावा अशा प्रसंगीही पिलाच्या रक्तात फारसे काही हलत नाही. निसर्गाने हे दहा दिवस जणू राखून ठेवले आहेत, कारण याच काळात मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि त्या कोवळ्या मेंदूला हे रसायन जड जाते. पण ही शांतता आपोआप टिकत नाही, आई ती टिकवते. आईला सलग चोवीस तास दूर ठेवले की शांतता मोडते आणि पिलाच्या अंगात ताणाचे रसायन चढू लागते.

मग आईमधले नेमके काय ही शांतता राखते? तिची ऊब, तिचे दूध की तिचा स्पर्श? लेव्हिन यांच्यासोबत काम करणाऱ्या ब्राझीलच्या डेबोरा सुचेकी यांनी १९९३ साली हे वेगवेगळे करून पाहिले. आईविना ठेवलेल्या पिलांना आई चाटते तसे अधूनमधून कुरवाळले तर मेंदूकडून सुटणारा निरोप थंडावला. अधिवृक्क ग्रंथीला शांत ठेवायला मात्र दूधही लागले. पोट आणि पाठ दोन्हींची काळजी घ्यावी लागते म्हणा ना!

याच्याही आधी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग आणि सिंथिया कून यांनी पिलांची वाढ मोजली होती. आईपासून दूर केलेल्या पिलांत वाढीचे हार्मोन खाली येते, अवयवांच्या वाढीला लागणारे एक एन्झाइमही घटते. ऊब देऊन उपयोग झाला नाही, दूध देऊनही झाला नाही. गुंगीचे औषध दिलेली आई शेजारी निजवली, तरी घसरण थांबली नाही. उलट जिची स्तने बांधल्यामुळे ती पाजू शकत नव्हती, पण जागी होती आणि पिलांना चाटत होती, तिच्या पिलांत ही घसरण झाली नाही. शेवटी ओल्या ब्रशने, उंदरिणीच्या जिभेचा दाब धरून, पिलांना चोळले आणि वाढ पुन्हा मार्गावर आली. ही सारी कामे १९७०च्या दशकातली.

येथून एक धागा थेट माणसाच्या बाळापर्यंत गेला. मायामीच्या टिफनी फील्ड यांनी शॅनबर्ग यांच्यासोबत दिवस भरण्याआधी जन्मलेल्या चाळीस बाळांवर अभ्यास केला आणि तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी वीस बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे हलक्या हाताने चोळले. त्यांचे वजन दुसऱ्या वीस बाळांपेक्षा रोज सत्तेचाळीस टक्के जास्त दराने वाढले, आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली. त्या काळी अशा नाजूक बाळाला शक्यतो हात लावू नये असाच इस्पितळांचा रिवाज होता. आपल्या आज्या पायांवर बाळ आडवे घेऊन त्याला तेल लावतात, टाळू भरतात, न्हाऊ घालतात. त्यांना ही बातमी ऐकवली तर त्या म्हणतील, यात नवे काय? (कमी वजनाच्या बाळाला चोळायचे असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.)

पंधरा मिनिटे आणि तीन तास

१९९३ साली अटलांटाचे पॉल प्लॉट्स्की आणि माँट्रिअलचे मायकेल मीनी यांनी दोन गट शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या दोन आठवड्यांत एका गटातील पिले रोज पंधरा मिनिटे आईपासून दूर, दुसऱ्यातील रोज तीन तास. पंधरा मिनिटांवाले मोठेपणी शांत निघाले. तीन तासवाल्यांच्या रक्तात मात्र ताण पडताच रसायन जास्त चढले. पंधरा मिनिटे हा उंदरिणीच्या नेहमीच्या येण्याजाण्याच्या हिशेबात बसणारा काळ आहे. तीन तास बसत नाहीत. इतका वेळ गेल्यावर परत आलेली पिले पाहून आईची स्वतःचीच घडी विस्कटते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण वर्तमानपत्रांत ती सहसा येत नाही. तीन तासांच्या प्रयोगाचा निकाल सगळीकडे सारखा आलेला नाही. काही प्रयोगशाळांत पिले भेदरट निघाली, काहींत फरकच दिसला नाही. उंदराची जात कोणती, पिलांना ऊब दिली होती का, ती एकटी ठेवली की भावंडांसोबत, आणि परत आल्यावर आईने कसर भरून काढली का, यावर बरेच अवलंबून असते. तेव्हा 'अमुक तास आई दूर राहिली म्हणजे मूल बिघडले' असा हिशेब उंदरातसुद्धा जमत नाही.

मीनी यांनी पुढे पिलांना हात लावायचेच थांबवले आणि नुसत्या उंदरिणी पाहत बसले. काही आया खूप चाटतात, काही कमी चाटतात, आणि दोन्ही आपापल्या परीने पिले वाढवतात. परंतु जास्त चाटलेल्या पिलांच्या हिपोकॅम्पसमध्ये ती कुलपे जास्त आढळली आणि त्यांचा भोंगा लवकर थांबला. हे १९९७ साली छापून आले. यावर कोणीही म्हणेल, शांत आईच्या पोटी शांत पिलू, हा रक्ताचा गुण! म्हणून त्यांनी पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेले पिलू जन्मताच जास्त चाटणाऱ्या आईच्या घरट्यात ठेवले. ते पिलू मोठेपणी वाढवणाऱ्या आईसारखे शांत निघाले. आणि ते मादी असेल तर स्वतः आई झाल्यावर तीही आपल्या पिलांना भरपूर चाटू लागली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने रक्ताच्या गुणाची भाषा उंदराच्या घरट्यातच खोटी पाडली. हा निष्कर्ष आम्हांला विशेष मोलाचा का वाटतो, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

२००४ साली याच गटाने आतली यंत्रणाही दाखवली. ते कुलूप घडवण्याची कृती ज्या जनुकात असते त्यावर छोट्या रासायनिक खुणा चिकटतात, आणि खुणा जास्त झाल्या की जनुक दबून बसते. जन्मताना सगळ्या पिलांची पाटी जवळजवळ सारखीच असते. पहिल्या आठवड्यात, आई किती चाटते त्यावरून, कोणाच्या जनुकावरच्या खुणा निघून जातात आणि कोणाच्या तशाच राहतात. अदलाबदल केलेल्या पिलांत खुणा सांभाळणाऱ्या आईप्रमाणे आढळल्या. जनुक तेच, त्यावर गिरवले गेले ते वेगळे.

तर मग कमी चाटणारी उंदरीण वाईट आई समजायची का? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे काम करणाऱ्या टॅली बॅरम यांच्या प्रयोगात सापडते, आणि संपूर्ण विषयात आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रयोग. बॅरम यांनी आई आणि पिलांना एक मिनिटही वेगळे केले नाही. त्यांनी एवढेच केले की पिंजऱ्यात घरटे बांधायला सामान तुटपुंजे दिले, आणि खाली भुशाऐवजी जाळी ठेवली. खाणेपिणे नेहमीसारखेच. उंदरीण बिचारी सारखी आत-बाहेर करू लागली. मिळेल तो कपटा ओढून आणावा, पुन्हा उठावे, पिलाला चाटता-चाटता मध्येच सोडून जावे. एकूण वेळ मोजला तर तिने पिलांसाठी कमी केले असे नाही. पण तिच्या काळजीचे तुकडे झाले, आणि पुढच्या क्षणी आई काय करील याचा पिलाला भरवसा राहिला नाही. त्या पिलांच्या रक्तातही ताणाचे रसायन वाढले, आणि मोठेपणी त्यांची स्मरणशक्ती उणी पडली.

हा पिंजरा आपल्या ओळखीचा आहे. नळाला पाणी केव्हा येईल याचा भरवसा नाही, घराची पत्रे केव्हा पाडतील याचा नाही, उद्या काम मिळेल याचा नाही. आई घरात असते, मूल कडेवर असते, आणि तिचे चित्त चार ठिकाणी फाटलेले असते. या प्रयोगात उंदरिणीला 'मायेने वाग' असे शिकवायला कोणी गेले नाही. तिला पुरेसे सामान मिळाले की ती आपोआप नीट वागते.

आणि बिघडलेले सुधारते का? २००२ साली मीनी आणि प्लॉट्स्की यांच्याच गटाने तीन तासांच्या विरहातून गेलेली पिले दूध सुटल्यावर मोठ्या पिंजऱ्यात ठेवली. तेथे सवंगडी होते, बोगदे होते, खेळायला वस्तू होत्या. सुमारे सात आठवडे ती तेथे राहिली. त्यानंतर ताण दिला असता त्यांचे रसायन इतर उंदरांइतकेच चढले-उतरले. मेंदूच्या आतली जुनी खूण मात्र पूर्णपणे गेली नव्हती. जुनी वाट तशीच राहिली, पण तिच्या शेजारून नवी वाट पडली.

माणसाचे मूल

उंदीर तो उंदीर आणि माणूस तो माणूस. आपले मूल उघड्या डोळ्यांनी, उघड्या कानांनी जन्मते. त्याचे बालपण एकवीस दिवसांचे नाही, कित्येक वर्षांचे आहे. आणि मुख्य म्हणजे त्याला एकट्या आईनेच वाढवावे असा नियम कोणत्याच समाजात नव्हता. आजी, आत्या, मावशी, मोठी बहीण, शेजारची काकू, सगळ्यांच्या मांडीवर आपण वाढलो.

या दुसऱ्या मांडीचे मोल अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या मेगन गनर यांनी मोजले. त्यांनी १९९२ साली छापलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांची बाळे अर्धा तास आईविना, अनोळखी सांभाळणारीजवळ ठेवली होती. काही वेळा सांभाळणारी आपल्या कामात दंग, बाळ कुरकुरले तरच लक्ष देणारी. काही वेळा ती बाळाशी बोलणारी, खेळणारी, हसणारी. बाळांच्या लाळेतले कॉर्टिसॉल तपासले. पहिलीजवळ ते चढले. दुसरीजवळ जवळजवळ चढलेच नाही. आई दोन्ही वेळा सारखीच बाहेर होती! पुढे पाळणाघरांच्या अभ्यासांतही हेच दिसले की लहान मुलांचे कॉर्टिसॉल तेथे दिवस चढता-चढता वाढू शकते, पण सांभाळणारी बाई लक्ष देणारी असेल तर कमी वाढते. तेव्हा मूल कोणाजवळ ठेवले, तिच्या हाताखाली आणखी किती मुले आहेत, ती त्याच्याशी बोलते की टीव्ही लावून देते, याकडे पाहावे. दहा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात तान्हे भावंड बांधून तिची शाळा बुडवणे हा मात्र उपाय नव्हे, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

कोणाचीच मांडी मिळाली नाही तर काय होते, ते रुमानियाच्या अनाथालयांत दिसले. बुखारेस्ट शहरात २००१च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतील १३६ लहान मुले घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुले सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत पाठवली. मुले बारा वर्षांच्या आसपासची झाल्यावर त्यांची तपासणी केली. अनाथालयातच राहिलेल्या मुलांचा भोंगा जोरात वाजत नव्हता, उलट तो पुरेसा वाजतच नव्हता. ताण आला तरी कॉर्टिसॉल चढेना. ज्यांना दीड-दोन वर्षांच्या आत घर मिळाले त्यांच्या शरीराचे उत्तर मात्र घरात वाढलेल्या मुलांच्या जवळ आले होते. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले. उंदरावरून माणसाचा अंदाज बांधताना सावध का राहावे, याचेही हे उत्तम उदाहरण आहे.

बॅरम यांच्या पिंजऱ्यातले घरट्याचे सामान म्हणजे माणसाच्या बाबतीत काय? रजा, पगार, छप्पर, पाळणाघर. हा विचार आपल्याला नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा लाभ देणाऱ्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. २०१७च्या दुरुस्तीने देशात पहिल्या दोन मुलांच्या वेळी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा झाली, आणि पन्नास किंवा जास्त कामगार असतील तेथे पाळणाघराची सोय मालकावर आली. परंतु धुण्याभांड्याला जाणारी आणि नाक्यावरून बिगारीला जाणारी बाई कोणाच्या हजेरीपटावर आहे? तिच्या तान्ह्याचे सव्वीस आठवडे कोण मोजणार?

जाता जाता एक अगदी उपयोगाची गोष्ट. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवण्याच्या पद्धतीला 'कांगारू' पद्धत म्हणतात. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली, काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून, ती सुरू झाली. पूर्वी बाळ ठीकठाक झाल्यावरच त्याला असे आईजवळ देत. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील ३२११ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपल्या दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. बाळे एक किलो ते पावणेदोन किलोच्या आसपासची. जन्मताच आईच्या छातीशी दिलेल्या बाळांपैकी पहिल्या अठ्ठावीस दिवसांत शंभरात १२ दगावली. नेहमीच्या पद्धतीने, आधी वेगळी ठेवलेल्यांपैकी शंभरात जवळजवळ १६. आईला खाटेसकट बाळाच्या विभागात आणून ठेवले, एवढाच काय तो बदल.

घरात कमी वजनाचे बाळ जन्मले आणि इस्पितळाने ते वेगळे ठेवले, तर डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारा, "बाळाला छातीशी केव्हा धरता येईल?" आई उठू शकत नसेल तर आजीने धरले तरी चालते. बापाने धरले तरी चालते.